वृद्धाश्रम निवडताना: आधी माणसाला विचारा, मग हिशोब मांडा

(शिवाजी पेठेत झालेल्या गटप्रतिनिधींच्या सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं हे बोलणं. ज्या ताई येऊ शकल्या नाहीत त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आज कर्जवसुलीवर बोलणार नाही, त्यामुळे जरा निवांत बसा. विषय असा आहे की जो गटात कुणी उघड काढत नाही. बैठक संपली, सतरंजी गुंडाळली, की मग एखादी ताई मागे थांबते आणि हळूच म्हणते, "मॅडम, सासूबाईंचं आता घरी होत न्हाई. कुठं ठेवता येईल का?" आणि लगेच पुढे म्हणते, "कुणाला सांगू नका हं."

म्हणून आज सगळ्यांसमोरच बोलू. तुमच्या घरी आज ही वेळ नसेल. पण सासू, आई, चुलती, आत्या यांपैकी कुणीतरी प्रत्येकीच्या घरात आहेच.

एका ताईंची गोष्ट सांगते. त्यांच्या परवानगीने सांगते, नाव-गाव सांगत नाही. करवीर तालुक्यातल्या एका गटाच्या सभासद. दोन म्हशी, थोडी शेती. हजेरीवही चाळताना दिसलं की या ताई सलग तीन बैठकांना नाहीत. हप्ता वेळेवर येतोय, माणूस नाही. मी घरी गेले. दारातच त्या कंबरेला पट्टा बांधून उभ्या होत्या.

आत खाटेवर त्यांच्या चुलत सासूबाई. घरात सगळे त्यांना काकी म्हणतात. काकींचं सगळं आयुष्य इथेच, शिवाजी पेठेत गेलं. काका वारले, मूलबाळ नाही. गल्लीत स्वतःचं लहानसं घर, पुढे एक गाळा. मोरीत पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण आधाराशिवाय उठता येईना. मग पुतण्यांनी गावी आणलं. आणलं पुतण्यांनी आणि उचलायला ताई एकट्या. पहाटे धारा, मग काकींचं अंघोळ-पाणी, मग शेत, रात्री दोनदा उठून कूस बदलणं. ताईंची पाठ गेली, आणि काकींच्या पाठीला जखम झाली. हे कुणी मुद्दाम केलं नाही. एका माणसाच्या ताकदीबाहेरचं काम एकीवर पडलं, म्हणून झालं.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह आणि कल्याण कायदा २००७ सालचा आहे. त्यात सांभाळायची जबाबदारी मुलगा, मुलगी, नातू, नात यांच्यावर टाकली आहे. मूल नसेल तर जो नातेवाईक त्या माणसाची मालमत्ता वापरतोय किंवा पुढे ज्याला ती मिळणार आहे, त्याच्यावर. एकापेक्षा जास्त वारस असतील तर ज्याचा जेवढा वाटा, तेवढी त्याची जबाबदारी. सुनेचं नाव या यादीत नाही. सुनेने करू नये असं मी म्हणत नाही. पण सगळा भार सुनेवर टाकून बाकीचे मोकळे, असं चालत नाही, एवढं लक्षात ठेवा.

त्या ताईंच्या घरी मोठे दीर म्हणाले, "काकीनं घर आमच्या नावावर करावं, मग वृद्धाश्रमाचं बघू." धाकटे गप्प. आणि ताई मला म्हणाल्या, "गटातनं पन्नास हजार काढून देता का? मी ठेवते त्यांना कुठंतरी."

बघा, किती गोष्टी एकदम आल्या. घर, कर्ज, वृद्धाश्रम. आणि काकी दोन हातांवर खाटेत पडून सगळं ऐकतायत. त्यांना कुणी एक शब्द विचारला नव्हता.

म्हणून पहिलं काम हे. ज्यांना ठेवायचं त्यांच्याजवळ बसा आणि विचारा. "तुम्हाला ठेवतोय" असं सांगणं वेगळं, आणि "तुम्हाला काय हवंय" असं विचारणं वेगळं. आम्ही विचारलं तेव्हा काकी म्हणाल्या, "मला कुठं बी ठेवा, पण पेठेपासनं लांब नको. गल्लीतल्या बायका भेटायला आल्या पायजेत." या एका वाक्याने आमचं निम्मं काम झालं. लांबच्या तालुक्यातला एक स्वस्त आश्रम घरच्यांनी जवळपास ठरवलाच होता, तो तिथेच सुटला.

दुसरं काम, गरज ओळखा. वृद्धाश्रम आणि केअर सेंटर यांत फरक आहे. बरेच वृद्धाश्रम फक्त स्वतःचं स्वतः करणाऱ्या, हिंडत्या-फिरत्या माणसालाच घेतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला शुश्रूषा लागते, रात्री माणूस लागतं. त्यासाठी केअर सेंटर. कोल्हापुरात 'सावली केअर सेंटर'सारख्या संस्था हे काम करतात. दार ठोठावण्याआधी कागदावर लिहा: स्वतः उठतात का, जेवतात का, लघवी-संडास कळतं का, विसरभोळेपणा आहे का, कोणती औषधं चालू आहेत. लपवू नका. लपवून ठेवलेल्या माणसाला पंधरा दिवसांत परत न्या म्हणून फोन येतो.

ज्यांच्याकडे खरंच काही नाही, त्यांच्यासाठी सरकारी अनुदानावरचे वृद्धाश्रम आहेत. ही योजना १९६३ पासूनची. निराधार, गरजू पुरुषांना ६० आणि स्त्रियांना ५५ वर्षांनंतर तिथे प्रवेश मिळतो. १९९५ मध्ये मातोश्री वृद्धाश्रम योजना आली, त्यात काही जागा मोफत आणि काही शुल्क घेऊन असतात. जागा आहे का, हे विचारायला विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनात, समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात जा.

तिसरं काम, जागा डोळ्यांनी बघा. एकदा सांगून जा आणि एकदा न सांगता, जेवणाच्या वेळेला. आत शिरल्यावर वास कसला येतो ते बघा. संडासात धरायला दांडी आहे का बघा. ऑफिसातल्या माणसापेक्षा तिथल्या आजींशी जास्त बोला. "सकाळी काय खाल्लं?" एवढंच विचारा, बाकी त्या आपसूक सांगतील. मग ऑफिसात हे प्रश्न विचारा आणि उत्तरं वहीत लिहून घ्या:

रात्री किती माणसांमागे किती मावशी असतात?
डॉक्टर कधी येतात? दवाखान्यात न्यायची वेळ आली तर कोण नेतं, खर्च कुणाचा?
महिन्याच्या फीमध्ये काय काय येतं? डायपर, औषध, मलमपट्टी, कपडे धुणं वेगळं का?
फी दरवर्षी किती वाढते?
अनामत परत मिळते का? माणूस गेलं किंवा घरी आणलं तर किती दिवसांत?
तब्येत बिघडून अंथरुणाला खिळल्या तर ठेवून घेणार का?
भेटायला कधी यायचं? त्यांना फोन करता येतो का?
संस्था नोंदणीकृत आहे का? प्रत्येक पैशाची पावती मिळते का?

पावती नाही म्हणाले तर उठा आणि चालू लागा. आणि एक गोष्ट, दागिने घरी ठेवा, पण पासबुक आणि एटीएम ज्यांचं आहे त्यांच्याच ताब्यात राहू द्या.

आता चौथं, आणि आपल्या गटांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. पैसा.

काकींसाठी शहराजवळ एक जागा पसंत पडली. फी महिन्याला ११,००० रुपये. डायपर-औषधं धरली की आणखी ३,०००. म्हणजे १४,०००. अनामत २०,०००. अनामत बाजूला ठेवली तरी, ताईंनी मागितलेल्या पन्नास हजारांत महिन्याचा खर्च किती दिवस चालला असता? गटाच्या अध्यक्ष मावशींनी बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, "साडेतीन म्हैनं. आणि चौथ्या म्हैन्याला काय करणार गं पोरी? काकी बी हायत आणि हप्ता बी हाय."

हे वाक्य घरी घेऊन जा. म्हैस घ्यायला कर्ज काढलं तर म्हैस दूध देते, त्यातून हप्ता फिटतो. दर महिन्याला येणाऱ्या खर्चाला कर्ज काढलं तर ते फिटत नाही, वाढत जातं. महिन्याचा खर्च महिन्याच्या मिळकतीतूनच भागला पाहिजे. कर्ज काढायचंच तर एकदाच लागणाऱ्या रकमेसाठी काढा, जशी अनामत.

मग मिळकत कुठून? पहिल्यांदा ज्यांचा खर्च आहे त्यांच्याकडे काय आहे ते बघा. काकींच्या घराचा पुढचा गाळा ५,००० रुपयांनी भाड्याने दिलेलाच होता, ते पैसे कुठे जात होते याची चौकशी कुणी केली नव्हती. मागची खोली ३,५०० ने दिली. झाले ८,५००. कमी पडले ५,५००. मग बैठक बसवली. दोन पुतणे आणि एक पुतणी, म्हणजे ताईंची नणंद. मोठ्याचे २,०००, धाकट्याचे २,०००. नणंद म्हणाली, "मी पण वारस हाय, मग मी पण देणार." तिचे १,५००. कागदावर लिहिलं, तारीख घातली, तिघांच्या सह्या झाल्या. पाच तारखेच्या आत पैसे थेट आश्रमाच्या खात्यात, ताईंच्या हातात नाही. गटाने ठराव करून ताईंना फक्त अनामतीचे २०,००० बारा महिन्यांसाठी दिले. व्याजासकट हप्ता दोन हजारांच्या आत बसला, तो दुधाच्या बिलातून जातो.

सरकारकडून काय मिळतं, तेही नीट समजून घ्या, कारण यात गैरसमज फार. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरील व्यक्तीला महिन्याला १,५०० रुपये मिळतात, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत लागतं. काकींना भाडं येतं, म्हणून त्या बसल्या नाहीत. खोटा दाखला काढायच्या नादाला आम्ही लागलो नाही. अर्ज तहसील कार्यालयात करायचा असतो. २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकदाच ३,००० रुपये मिळतात, काठी, कमोड खुर्ची, चष्मा अशा वस्तूंसाठी. त्यासाठी वय ६५ आणि उत्पन्न दोन लाखांच्या आत हवं. आणि ७० वर्षांवरील सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावर. वृद्धाश्रमाची फी या कार्डातून भरली जात नाही.

शेवटचं, घराचं. मोठ्या दिरांचं म्हणणं आठवतंय ना, "घर नावावर करा, मग बघू." असं कधी करू नका. २००७ च्या कायद्याच्या कलम २३ मध्ये सोय आहे. सांभाळायच्या अटीवर बक्षीसपत्र केलं आणि पुढे सांभाळलं नाही, तर ते रद्द करून घेता येतं. पण अशी अट घातली होती हे सिद्ध झालं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ च्या निकालात म्हटलं. जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयाने ज्येष्ठांच्या बाजूने जरा उदार अर्थ लावला आहे. तरीपण म्हातारपणी कोर्टाच्या पायऱ्या कशाला? द्यायचंच असेल तर मृत्युपत्र करा. ते आपल्या माघारी लागू होतं आणि हयातीत कधीही बदलता येतं. काकींनी आज काहीच केलेलं नाही. घर त्यांच्याच नावावर आहे, आणि त्याच घराचं भाडं त्यांना सांभाळतंय.

कुणी खर्च द्यायला साफ नकार दिला तर प्रांत ऑफिसला अर्ज करता येतो. वकील लागत नाही. न्यायाधिकरण महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह भत्ता ठरवू शकतं, आणि नोटीस पोचल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो. एकदम अर्ज नको वाटत असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

काकी आता बऱ्या आहेत का? पाठीची जखम भरली. वॉकर धरून खिडकीपर्यंत जातात. गल्लीतल्या दोघी महिन्यातून एकदा रिक्षा करून जातात. पहिले पंधरा दिवस त्या रडल्या, ताईपण रडल्या, हे लपवत नाही. आजही कधीतरी म्हणतात, "माझ्या घरात असते तर." त्यांचं ते दुःख आमच्या कुठल्याच हिशोबात बसलं नाही. पण ताई गेल्या बैठकीला आल्या होत्या, पट्टा न बांधता. रविवारी त्या काकींकडे जातात तेव्हा आता कूस बदलायला जात नाहीत. डब्यात खीर घेऊन जातात, दोघी बोलत बसतात.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने एक काम करून यायचं. आपल्या गटात कुणाच्या घरी अंथरुणावरचं माणूस आहे, आणि त्या सभासदाला महिन्यातून एक दिवस तरी सुट्टी मिळते का, एवढं विचारून या. आणि हजेरीवहीत कुणी सलग तीनदा गैरहजर दिसली, तर दंड लावण्याआधी तिच्या घरी जाऊन या.