उद्यांचें युद्ध आणि लाडबोरीचें कडें

पुराणांतील ककुद्मी राजा आपली कन्या रेवती हिला बरोबर घेऊन ब्रह्मलोकीं गेला. मुलीसाठीं योग्य वर कोणता, एवढेंच त्याला विचारावयाचें होतें. तेथें गायन चालू होतें, म्हणून तो क्षणभर थांबला. आणि मग प्रश्न विचारला, तों ब्रह्मदेवास हंसूं आलें. तेवढ्या अवकाशांत पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगें उलटून गेलीं होतीं. राजानें मनांत योजिलेल्या वरांचे नातूपणतूहि उरले नव्हते. पुढें रेवतीचा विवाह बलरामाशीं झाला. काळाच्या ओघांत उडी मारण्याची कल्पना आपल्याकडे अशी, लग्नाच्या खटपटींतून आलेली आहे. लढाईशीं तिचा संबंध नव्हता.

तो संबंध पश्चिमेकडे जुळला. एच्. जी. वेल्स या इंग्रज ग्रंथकारानें १८९५ सालीं कालयंत्रावर एक कादंबरी लिहिली, आणि तीनच वर्षांनीं मंगळावरील प्राण्यांनीं पृथ्वीवर स्वारी केल्याची दुसरी. या दोन कल्पनांची गांठ घालून अमेरिकन चित्रपटकारांनीं जो प्रकार रूढ केला, त्याचा एक अलीकडील नमुना म्हणजे २०२१ च्या जुलैमध्यें प्रदर्शित झालेला ‘द टुमॉरो वॉर’, अर्थात् ‘उद्यांचें युद्ध’, हा चित्रपट.

कथानक असें आहे. २०२२ च्या डिसेंबरांत फुटबॉलचा जागतिक सामना रंगांत आलेला असतां मैदानावर अकस्मात् सैनिक प्रकट होतात. ते २०५१ सालांतून आलेले असतात. परग्रहावरील क्रूर प्राण्यांशीं चाललेल्या युद्धांत मनुष्यजात जवळ जवळ नष्ट झाली आहे, तेव्हां आजच्या लोकांनीं येऊन आम्हांस साहाय्य करावें, असें त्यांचें मागणें असतें. मग सक्तीची भरती सुरू होते. जे लोक २०५१ पूर्वींच मरण पावणार आहेत त्यांनाच तिकडे धाडतात, म्हणजे कोणाची स्वतःशींच गांठ पडूं नये! त्यांतच डॅन फॉरेस्टर हा पूर्वींचा सैनिक व आतांचा जीवशास्त्राचा शिक्षक सांपडतो. तिकडे गेल्यावर त्याची सेनाधिकारी निघते ती त्याचीच मुलगी. घरीं नऊदहा वर्षांची ठेवून आलेली मुलगी पुढ्यांत प्रौढ होऊन उभी राहते, आणि आपण तिला पुढें टाकून जाणार आहों हेंहि त्याला तिच्याच तोंडून कळतें. हा प्रसंग चांगला साधला आहे. बाकी गोळीबार मात्र फार, आणि कानठळ्या बसविणारा. (खरा २०२२ चा अंतिम सामना १८ डिसेंबर रोजीं कतारमध्यें झाला, अर्जेंटिना जिंकली, आणि भविष्यांतून कोणीहि आलें नाहीं.)

चित्रपटाचा खरा गाभा शेवटच्या भागांत आहे. २०५१ मधील लढाई हरली जाते, काळांतून जाण्यायेण्याचा मार्गहि तुटतो, आणि डॅन घरीं परत येतो. शत्रु आकाशांतून २०४८ सालीं उतरला, अशी सर्वांची समजूत. तो आधींपासूनच येथें असेल तर, ही शंका डॅनच्या पत्नीस येते. शत्रूच्या नखांत ज्वालामुखीची राख सांपडते. ती कोणत्या ज्वालामुखीची, हें कोणा सेनापतीस सांगतां येत नाहीं. सांगतो तो डॅनच्या वर्गांतील एक विद्यार्थी. वर्गांत ज्वालामुखींविषयीं सारखा बडबडणारा तो मुलगा इतरांच्या चेष्टेचा विषय असतो. चीन व कोरिया यांच्या सीमेवरील पर्वताचा सुमारें एक हजार वर्षांपूर्वीं स्फोट झाला, त्याची ती राख. म्हणजे शत्रूचें यान तेव्हांच पृथ्वीवर आदळलें होतें, रशियाच्या हिमांत गाडलें गेलें होतें, आणि पुढें हवा तापून हिम वितळल्यावर तें उघडें पडणार होतें. ज्या संकटाला सारें जग उद्यांचें म्हणत होतें, तें पायांखालींच पडलेलें होतें. तोफांच्या गडगडाटांत जें कोणाला सुचलें नाहीं तें एका शाळकरी मुलाच्या भूगोलानें सोडविलें, ही गोष्ट शिक्षकवर्गास तरी आवडल्यावांचून राहणार नाहीं.

जमिनींत गाडलेला काळ वाचण्याची ही विद्या काल्पनिक नाहीं. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकास सिरोंचा तालुक्यांत प्राणहिता नदी गोदावरीस मिळते. तेथील कोटा गांवावरून भूगर्भशास्त्रांत एका खडकाच्या थरास नांव पडलें आहे. याच थरांत, नदीपलीकडे तेलंगणांत, कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना एका प्रचंड शाकाहारी प्राण्याच्या अस्थि सांपडल्या. तो काळ रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचा, म्हणून १९७५ सालीं त्या प्राण्याचें नामकरण झालें तें ‘बारापासॉरस टागोराय’. बंगालींत ‘बडा पा’ म्हणजे मोठा पाय! अलीकडे सिरोंचा तालुक्यांत वडधम येथेंहि जीवाश्मांचें उद्यान आहे. सागाच्या रानांतून चालणाऱ्या मनुष्याच्या पायांखालीं अठराएकोणीस कोटि वर्षांपूर्वींचें जग निजलेलें आहे, आणि तेथें जाण्यास हातोडी, छिन्नी व धीर यांखेरीज दुसरें यंत्र लागत नाहीं.

ही झाली जमिनीची गोष्ट. आकाशांतून कांहीं पडण्याचा प्रसंगहि याच वनप्रदेशावर येऊन गेला आहे, आणि तो पडद्यावरचा नव्हे.

२ एप्रिल २०२२, शनिवार, गुढीपाडव्याची संध्याकाळ. चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यांतील लाडबोरी गांवांत सणाच्या सामुदायिक जेवणाची तयारी चालली होती. पावणेआठच्या सुमारास आकाशांत जळत्या रेघा दिसूं लागल्या. त्या महाराष्ट्रांत दूरदूरवर दिसल्या, गुजरात व मध्यप्रदेशांतहि दिसल्या. पुष्कळांस तो उल्कापात वाटला. पण लाडबोरीस एक तांबडेंलाल चक्र मोठा आवाज करीत मोकळ्या जागेंत येऊन पडलें. स्फोट होईल या भीतीनें लोक घरांत पळाले, आणि जवळ जवळ अर्धा तास कोणी बाहेर आलें नाहीं. बाहेर येऊन पाहतात तों सुमारें तीन मीटर व्यासाचें धातूचें कडें. पवनपार येथें धातूचा एक गोळाहि मिळाला. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं.

इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहणी करून गेले. अंतराळांतील हालचालींवर नजर ठेवणाऱ्या जाणकारांचें अनुमान असें कीं, हे अवशेष ‘चांग झेंग ३ बी’ या चिनी अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे असावेत. तो अग्निबाण २०२१ च्या फेब्रुवारींत सुटला होता. उपग्रह मार्गीं लावल्यावर असला रिकामा टप्पा लांबोळ्या कक्षेंत फिरत राहतो. प्रत्येक फेरींत पृथ्वीच्या जवळ येतांना तो विरळ हवेला घांसतो, थोडा वेग गमावतो. कक्षा आंखडत जाते, आणि अखेर एके दिवशीं तो सेकंदास सातआठ किलोमीटर वेगानें दाट हवेंत शिरतो. बहुतेक भाग जळून जातो. दाबाखालचा वायु सांठविण्याचे गोळे व कांहीं जाड कडीं उष्णतेला दाद देत नाहींत. तीं खालीं पोंचतात.

श्रोतेहो, येथें चित्रपटाची आठवण होते ती याचसाठीं. लाडबोरीवर आलेला पाहुणा परग्रहावरचा नव्हता. चौदा महिन्यांपूर्वीं माणसानेंच वर फेंकलेली वस्तु, काम संपल्यावर कोणी तिची विचारपूस न केल्यामुळें, तिच्याशीं कांहींहि देणेंघेणें नसलेल्या गांवावर उतरली. फेंकणारे एकीकडे, झेलणारे भलतीकडे.

यासंबंधीं कायदा आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशा वस्तूनें जमिनीवर नुकसान केलें तर ती सोडणारें राष्ट्र, चूक सिद्ध न करतांहि, भरपाईस बांधलेलें असतें. १९७८ सालीं रशियाचा अणुभट्टी असलेला एक उपग्रह कॅनडाच्या उत्तर भागांत कोसळला, तेव्हां १९८१ मध्यें ३० लक्ष कॅनेडियन डॉलरांवर तडजोड झाली. त्याच्या आदल्याच वर्षीं नव्हे, पण त्याच सुमारास, ११ जुलै १९७९ रोजीं, अमेरिकेचें ‘स्कायलॅब’ पडलें. तें आपल्या डोक्यावर पडतें कीं काय, या धास्तीनें हिंदुस्थानांतहि घरोघर चर्चा झाली होती. तें पडलें ऑस्ट्रेलियांत, आणि एस्परन्स येथील स्थानिक मंडळानें अमेरिकेच्या अवकाशसंस्थेस कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलर दंड केला!

पण दंड आणि भरपाई हीं मागाहूनचीं. अगोदर सूचना कां मिळत नाहीं, असें कोणी विचारील. वरची हवा सूर्याच्या लहरीप्रमाणें फुगते व आकसते, आणि गडगडत येणारा पोकळ सांगाडा कोणत्या क्षणीं खालीं ओढला जाईल हें तासांच्या हिशेबानेंहि नक्की सांगतां येत नाहीं. या वेगाला एका तासाची चूक म्हणजे सुमारें २८ हजार किलोमीटरांची चूक, पृथ्वीच्या परिघाच्या निम्म्याहून अधिक. चित्रपटांतील लोकांना तीस वर्षें आधीं निरोप आला. लाडबोरीकरांना तो देण्याजोगा कोणापाशींच नव्हता. तें कडें पोलिसांनीं सिंदेवाहीच्या ठाण्यांत नेऊन ठेवलें, आणि पुढील कांहीं दिवस तालुक्यांतील लोकांना असले गोळे आणखी सांपडत राहिले.