दररोजचे एक पाऊल



शाळेचे नवे वर्ष उघडले म्हणजे पुष्कळ शिक्षकांच्या मनात संकल्पांना पूर येतो. या वर्षी एकही मूल वाचनात मागे राहू द्यावयाचे नाही, शाळेभोवती बाग फुलवावयाची, स्वतःची अपुरी राहिलेली परीक्षा द्यावयाची, कुलूपबंद कपाटातील पुस्तके मुलांच्या हाती द्यावयाची, असे सारे एकदम योजिले जाते. श्रावण सरतो आणि त्यातील बरेचसे ओसरून गेलेले असते. मग शिक्षक स्वतःवरच रुष्ट होतो. हा रोष आळसाहून अधिक घातक होय. कारण पुढील वर्षी संकल्प करण्याची उमेदही तो शिल्लक ठेवीत नाही. एकशिक्षकी शाळेत तर धीराचा शब्द बोलणारा सहकारीही जवळ नसतो.

अशा वेळी महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र पुन्हा एकदा पाहण्यासारखे आहे. त्यांच्या कार्याची भव्यता सर्वांस ठाऊक आहे. ती येथे सांगावयाची नाही. पाहावयाचे आहे ते त्या कार्याचे लहानपण.

कोकणातील मुरुडच्या शाळेत अण्णांना सोमण नावाचे शिक्षक लाभले. गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखविण्याचे काम हे मास्तर या बुजऱ्या मुलाकडून करवून घेत. काम ते केवढे! परंतु चार माणसांत तोंड उघडण्याची आणि लोकांसाठी काही करण्याची पहिली सवय त्या मुलाला तेथे लागली. पुढे अण्णांनी आपल्या सेवावृत्तीचे मूळ या शिक्षकांच्या सहवासात असल्याचे कृतज्ञतेने सांगितले. प्राथमिक शिक्षकाने दिलेले एखादे किरकोळ काम किती दूरवर जाते, हे त्या वेळी त्या मास्तरांनाही कळले नसेल.

पुढे वयाच्या अठराव्या वर्षाच्या आतच हा मुलगा परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यास निघाला. कुंभार्लीचा घाट ओलांडून, शंभरांहून अधिक मैल पायी चालून तो पोहोचला. तेथे समितीने त्याच्याकडे पाहिले आणि हा वयाने फार लहान दिसतो म्हणून परीक्षेस बसूच दिले नाही. मुलगा परत फिरला. वाट पायांखालची झालीच होती. पुढे ती परीक्षाही तो उत्तीर्ण झाला. मॅट्रिक व्हावयास मात्र 1881 साल उजाडले. तेव्हा त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते. शिक्षणात उशीर झाला म्हणून खंत करणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

1896 मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम निघाला आणि 1900 मध्ये तो हिंगण्याच्या माळावरील एका झोपडीत गेला. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून झाले की अण्णा आश्रमाच्या सामानाचे ओझे घेऊन तेथे पायी जात. वक्तृत्व त्यांच्यापाशी नव्हते. सभा जिंकणे त्यांना साधत नसे. होती ती हिशेबाची चोख वही आणि न चुकणारी पावले. महिला विद्यापीठास सर विठ्ठलदास ठाकरसी यांची पंधरा लाखांची देणगी 1920 मध्ये जाहीर झाली. तिच्यामागे दोन तपे रुपया-दोन रुपयांनी गोळा केलेल्या वर्गणीची होती. मोठा दाता रिकाम्या माळावर येत नाही. तेथे आधी कोणीतरी रोज जाऊन पायवाट पाडलेली असावी लागते.

याच आश्रमातील पार्वतीबाई आठवले यांची गोष्ट तर याहून बोलकी आहे. ऐन विशीत त्यांना वैधव्य आले. अक्षरओळख त्यानंतरची. आश्रमासाठी वर्गणी मागत त्या गावोगाव फिरल्या, हळूहळू सभेत बोलू लागल्या, आणि 1918 मध्ये, पन्नाशी जवळ आली असता, इंग्रजी शिकण्याच्या ओढीने अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी लोकांच्या घरी कामे करून निर्वाह केला. पहिले अक्षर गिरविणाऱ्या बाईंना त्या दिवशी अमेरिका दिसत नव्हती. दिसत होते ते दुसरे अक्षर.

थांबलेली बैलगाडी हलविताना बैलांना जो जोर लागतो, तो चालत्या गाडीला लागत नाही. म्हणून आरंभाचे काम इतके लहान असावे की अत्यंत थकव्याच्या दिवशीही ते पार पडावे. वरून तातडीने तक्ते मागविले जातात तो दिवसही यातच धरावा. असे दिवस थोडे नसतात, हे मागविणाऱ्यांनाही ठाऊक आहे. रोज एक तास वाचीन, हा संकल्प शोभिवंत खरा. झोपण्यापूर्वी दोन पाने वाचीन, हा टिकाऊ. एखाद्या दिवशी खंड पडला तर शोक करीत बसू नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे. मात्र काम लहान असले तरी दिशा एकच हवी. आज बाग, उद्या इंग्रजी, परवा चित्रकला, अशाने गाडी हलते, पण जागच्या जागी फिरते.

आता वर्गातील एक उदाहरण घ्यावे. चौथीत येऊनही जोडाक्षरापाशी अडणारे एखादे मूल बहुतेक शाळांत असते. ते मागच्या रांगेत बसते, दुसऱ्याच्या वहीतून उतरवून घेते आणि कोणास त्रास देत नाही; म्हणूनच ते नजरेतून निसटते. परिपाठापूर्वी त्याला रोज पाच मिनिटे जवळ बसवावे. चार ओळी त्याने वाचाव्यात, दोन शब्द शिक्षकांनी फोड करून दाखवावेत, एवढेच. पहिली ते पाचवीसाठी वर्षास किमान 200 दिवस शाळा भरते. पाच मिनिटांप्रमाणे 1000 मिनिटे, म्हणजे सोळा तासांहून अधिक काळ होतो. कोणा वडीलधाऱ्या माणसाने सोळा तास केवळ आपल्याकडे लक्ष दिले, असे त्या मुलाच्या आयुष्यात पूर्वी घडले असेल काय? पहिल्या पंधरवड्यात फरक दिसणार नाही. बहुतेक जण येथेच हात सोडतात.

अण्णा स्वतः 1936 मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतील मुलांकडे वळले. जेथे लोकल बोर्डाची शाळा नव्हती अशा गावांसाठी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापिले आणि लहान-लहान वर्गण्यांसाठी ते पुन्हा दारोदार हिंडू लागले. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा 1 मे 1962 रोजी अस्तित्वात आल्या. त्याच वर्षी 9 नोव्हेंबरला अण्णांचे निधन झाले.

पुढील केंद्रसंमेलनास येताना प्रत्येक शिक्षकाने एक साधी वही आणावी. तीत एका मुलाचे नाव, रोजची तारीख आणि त्या दिवशी त्याने वाचलेला एखादा नवा शब्द, एवढेच असावे. ज्या दिवशी काही झाले नाही, त्या दिवसाची ओळ कोरी ठेवावी. ती मागाहून भरू नये. कोऱ्या ओळींसह ती वही चालेल.