काळ्या खिडकीतील मदतनीस
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



मंडळाचे जुने दप्तर संगणकावर उतरवून घेण्याचे काम कार्यकारिणीने माझ्यावर सोपविले, तेव्हा ते महिन्याभरात उरकेल अशी माझी भाबडी समजूत होती. इतिवृत्ते, नाटकांची हस्तपत्रके, हळदीकुंकवाची छायाचित्रे यांच्या शेकडो प्रती तयार झाल्या. नावे मात्र ज्याने त्याने आपल्या मर्जीने दिलेली. त्या पसाऱ्यातून वाट काढताना ज्या साधनाचा मी आश्रय घेतला, त्याविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत.

संगणकात 'टर्मिनल' नावाची एक काळी खिडकी असते. तीत चित्रे नाहीत. आज्ञा टंकावी आणि उत्तर वाचावे. 1969 साली बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला, त्या परंपरेतील ही रीत. आज्ञा अगदी त्रोटक: 'एमव्ही' म्हणजे हलव किंवा नाव बदल, 'आरएम' म्हणजे पुसून टाक. आम्हां वयस्कांना त्या पाठ होणे कठीणच. 2025 साली क्लॉड कोड, कोडेक्स सीएलआय, जेमिनी सीएलआय असे कृत्रिम बुद्धिमत्तेचे मदतनीस या खिडकीत येऊन बसले. आपण साध्या मराठीत काम सांगावे, त्याने आज्ञा रचून दाखवावी आणि आपण 'होय' म्हटल्यावर ती चालवावी. (याची बुद्धी आपल्या घरी नसते, दूरच्या संगणकांवर असते, म्हणून सभासदांच्या पत्त्यांची वही मी त्याच्यापुढे उघडली नाही.)

त्याच्या हुशारीचा दाखला देतो. 'दसऱ्याचे' हा शब्द शोधला की निम्मेच कागद सापडत. त्याने कारण शोधून काढले. आपला तो अर्धा 'ऱ' कोणी स्वतंत्र अक्षर म्हणून टंकतो, तर कोणी साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह मिळून साधतो. डोळ्यांना दोन्ही सारखे. यंत्राच्या लेखी दोन निराळे शब्द! सर्व नावे एका वळणाची करून देतो, असे तो म्हणाला. मी खूश झालो आणि 'पुन्हा विचारू नकोस' अशी सरसकट परवानगी देऊन चहाला उठलो.

परत येऊन मोजतो तो एक प्रत कमी. 'दसऱ्याचे संमेलन' या नावाच्या दोन प्रती होत्या, केवळ त्या 'ऱ'मुळे वेगळ्या राहिलेल्या. नाव एक होताच दुसरी पहिलीवर चढली आणि पहिली नाहीशी झाली. 'एमव्ही' अशा वेळी सहसा हूं की चूं करीत नाही. त्याच आज्ञेला 'एन' हे अक्षर जोडले असते तर हे टळते, हे मदतनिसाने मला नंतर, मी विचारल्यावर, फार विनयाने सांगितले! दोष त्याचा, पण 'होय' माझे होते. मूळ छायाचित्र वाळवीने केव्हाच खाल्लेले. आमच्या एका तरुण सभासदाने आरंभीच हट्टाने सर्व प्रती वेगळ्या तबकडीवर काढून ठेवल्या होत्या, म्हणून ते आज तुमच्यासमोर आहे. आता मी प्रत्येक आज्ञा वाचतो. न समजली तर अर्थ विचारतो.

तेच छायाचित्र बाहेर फलकावर लावले आहे. दुसऱ्या रांगेत पेटीवर बसलेल्या बाई कोण, हे मात्र मदतनिसालाही ठाऊक नाही आणि मलाही. ज्येष्ठांपैकी कोणी ओळखत असल्यास अल्पोपाहाराच्या वेळी मला नाव सांगावे. वही घेऊन मी तेथेच उभा आहे.