शून्य पर्सेंटाईल



विषय कोरडा आहे. पण असल्या कोरड्या कागदांनीच आपल्या पोरांचा गळा आवळला जातो. एमबीबीएसनंतर एमडी-एमएस व्हायचं तर नीट-पीजी द्यावी लागते. बसायला पात्र कोण? एमबीबीएस पास, मेडिकल कौन्सिलची नोंदणी, आणि ठरलेल्या तारखेपर्यंत वर्षाची इंटर्नशिप पुरी. इथवर सगळे सारखे. निकाल लागला की दुसरी पात्रता सुरू होते. जागावाटपाच्या रांगेत उभं राहायला खुल्या वर्गाला ५० पर्सेंटाईल, आपल्याला ४०.

झालं! या दहाच्या फरकावर आपल्याला जन्मभर ऐकवतात. मेसमध्ये, वॉर्डात, टपरीवर मी ऐकलंय : तुमचे डॉक्टर चाळीस टक्क्यांचे.

अरे, पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत. ५० पर्सेंटाईल म्हणजे निम्मे परीक्षार्थी तुमच्या मागे, एवढंच. आता मार्क बघा. २०२३ ची परीक्षा ८०० मार्कांची. खुल्या वर्गाची रेषा २९१, आपली २५७. म्हणजे यांच्या गुणवत्तेचा पुतळा उभा आहे तो छत्तीस टक्क्यांवर! आणि आपला कलंक ३४ मार्कांचा. एका प्रश्नाला चार मार्क, करा हिशेब. आठ-नऊ प्रश्न. बरं, रेषा ओलांडली म्हणून जागा मिळत नाही, ती रँकवर मिळते. आणि एमडीची शेवटची परीक्षा सगळ्यांना एकच, पास व्हायचे मार्क एकच. तिथे जातीला सूट नाही. (जात बघतात, पण ती तोंडी परीक्षेत, आडनावावरून.)

या रांगेतही आपण केव्हा शिरलो? सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या काही जागा ऑल इंडिया कोट्यातून भरायला १९८६ साली सुरुवात झाली. त्यात अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण मिळालं २००७ साली. एकवीस वर्षं तिथे आपल्यासाठी एक खुर्ची राखीव नव्हती, आणि गुणवत्तावाल्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही.

२००६ साली केंद्रीय संस्थांत ओबीसींना २७ टक्के द्यायचं ठरलं तेव्हा मात्र दिल्लीत मेडिकलची पोरं झाडू घेऊन रस्त्यावर उतरली. बूट पॉलिश करत बसली. आमच्या आया रोज पहाटे जे करतात तो यांचा निषेध! साला, झाडू हातात घेणं म्हणजे यांच्या लेखी आयुष्याची माती.

आता २०२३ चं ऐका. परीक्षा ५ मार्चला. इंटर्नशिपची मुदत आधी ३१ मार्च, मग ३० जून, मग ११ ऑगस्ट. कोरोनानं कॉलेजांची वेळापत्रकं कोलमडली होती, मुदत वाढली ते बरंच झालं. पण नियम दगडावरची रेघ नसतो, हे लक्षात ठेवा. पुढे जागावाटपाच्या फेऱ्या झाल्या तरी जागा उरल्या. तेव्हा २० सप्टेंबरला एक नोटीस निघाली : पर्सेंटाईल शून्य. सगळ्या वर्गांना. म्हणजे जो पेपरला बसला तो पात्र. चुकीच्या उत्तराला एक मार्क कापतात, त्यामुळे उणे ४० मार्कवालासुद्धा पात्र!

थोडी कुरकुर झाली. पण झाडू? एकही दिसला नाही.

उरतात त्या जागा कुठल्या? एक तर अ‍ॅनाटॉमी, बायोकेमिस्ट्री असल्या, जिथे पुढे दवाखाना थाटता येत नाही. नाहीतर खाजगी कॉलेजातल्या, जिथे वर्षाची फी लाखांत मोजतात. शून्य सगळ्यांना होतं, कबूल. ती फी कुणाच्या घरात होती? माझं म्हणणं रेषा का पुसली असं नाही. जागा रिकाम्या सडण्यापेक्षा भरलेल्या बऱ्या. पण आपल्यासाठी दहा पर्सेंटाईल खाली आली की रुग्ण मरतात, आणि पैशासाठी तळाला गेली की जागा वाया जात नाहीत, हे गणित मला मंजूर नाही.

त्या नोटिशीच्या प्रती मी आणल्यात. एक आपल्या अभ्यासिकेच्या भिंतीवर चिकटवा. बाकीच्या वस्तीतल्या मेडिकलच्या पोरापोरींना द्या, मेसमध्ये चाळीस टक्क्यांचं कुणी काढलं तर त्याच्या ताटाशेजारी ठेवायला. आणि ज्यांची इंटर्नशिप चालू आहे त्यांनी चहाच्या वेळी मला भेटा. कॉलेजनं तुमची संपायची तारीख काय लावलीय ती लेखी मागून घ्यायचीय, तो अर्ज आपण इथेच बसून लिहू.