चुंबक आणि मनाचे दुखणे
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी सभेतील भाषण)



मनाच्या आजारावर चुंबकाने उपचार होतो असे म्हटले की कुणाला गंडादोरा आठवतो, कुणाला विजेचा शॉक. हा उपचार या दोहोंपैकी काहीच नव्हे.

तारेच्या वेटोळ्यात चुंबक आतबाहेर केला की तारेत वीज वाहते, हे आम्ही वर्गात दरसाल दाखवितो. चुंबक स्थिर धरला की काटा शून्यावर येतो. फॅरडेने हा नियम १८३१ साली शोधला. त्याच्याच आधारे १९८५ साली इंग्लंडातील शेफील्ड येथे अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी, कवटी न उघडता, मेंदूला चेतना दिली. डोक्याशी धरलेल्या वेटोळ्यातून विजेचे क्षणिक ठोके सोडतात; त्यांचे बदलते चुंबकत्व आतील मज्जापेशींत सूक्ष्म प्रवाह उत्पन्न करते. बाजारातील चुंबकाच्या कड्याने असे काही घडत नाही.

औषधांनी न हटणाऱ्या नैराश्यावर हा उपचार वापरण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ साली मान्यता दिली. आपल्याकडे बंगळूरच्या निम्हान्ससारख्या संस्थांत तो मिळतो. रोगी खुर्चीवर जागा बसतो. भूल लागत नाही. आठवड्यातून पाच दिवस, असे चार ते सहा आठवडे जावे लागते. डोके दुखते, क्वचित फेफरे येऊ शकते. डोक्यात धातूचा तुकडा वा यंत्र असल्यास हा उपचार बहुधा वर्ज्य. गुण सर्वांनाच येतो असेही नाही. निर्णय मानसोपचारतज्ज्ञाचा.

दर्ग्यावर दुवा मागावी, देवळात नवस बोलावा. त्याने धीर येतो. पण दुखण्यावर इलाज करा, ही शिकवण आमच्या पैगंबरसाहेबांचीही आहे. मेंदू हाही शरीराचाच अवयव. मग त्याचे दुखणे घरात का लपवावे?

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारही शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरावयास सांगितले आहे. सहा आठवडे परगावी राहणे, रोजगार बुडणे, सोबतीला माणूस, हे गरीब कुटुंबास पेलत नाही. म्हणून विश्वस्तांना आमची विनंती आहे: मोतीबिंदूसाठी, हृदयासाठी आपला वैद्यकीय निधी हात पुढे करतो, तसाच तो मनाच्या रोग्यासाठीही करावा, आणि अर्जदाराचे नाव सभेत वाचू नये. मदत मागताना मान खाली जाणार असेल, तर अर्ज येणारच नाही.