तुतारी खाली ठेवून



आपापल्या कामातलं एक काहीतरी सांगा, अशी संयोजकांची आज्ञा आहे. मी गुरांचा डॉक्टर. तेव्हा बैल आणि त्याचा धनी यांच्या नात्याबद्दल बोलतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कधी ना कधी जोडी होतीच.

सुरुवात मात्र घोड्यापासून करतो, कारण त्या गोष्टीत एक गणिताचे मास्तर आहेत. बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ऑस्टेन नावाच्या निवृत्त गणित शिक्षकांनी हान्स या आपल्या घोड्याला गणित शिकवलं. बेरीज विचारली की हान्स तितक्या वेळा खूर आपटायचा, आणि उत्तर बरोबर यायचं. ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकानं 1907 मध्ये यातला खरा प्रकार उलगडून दाखवला. विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर ठाऊक नसलं की हान्सही चुकायचा. बरोबर आकडा आला की माणसाचं डोकं नकळत किंचित हलायचं, आणि तेवढं पाहून घोडा थांबायचा. त्याला गणित येत नव्हतं, पण समोरचा माणूस अचूक वाचता येत होता. मास्तरांना मात्र शेवटपर्यंत ते पटलं नाही!

बैलही आपल्याला असाच वाचतो. धुरकऱ्याचा हात, आवाज, पावलांतली घाई, सगळं त्याला कळतं. म्हणून गोऱ्हा शिकवायचा तर आधी धन्यानं शिकावं लागतं.

आपल्याकडची जुनी पद्धत आठवा. गोऱ्ह्याला मुरलेल्या, शांत बैलाच्या जोडीला जुंपायचं. आधी नुसतं जू, मग मागं एखादं लाकूड, मग वखर, आणि सगळ्यात शेवटी डवरा. पऱ्हाटीच्या दोन ओळींमधून एकही झाड न तुडवता चालणं, हे बैलाचं कॉलेजच म्हणा.

यात कळीची गोष्ट एकच. कासरा ओढला, बैल वळला, की त्याच क्षणी कासरा सैल सोडायचा. तीच त्याची शाबासकी. घोड्याच्या लगामाचंही तेच. बैल वळल्यावरही आपण ओढतच राहिलो, तर ऐकून काही फायदा नाही, एवढंच तो शिकतो. मग तो निबर होतो, किंवा अंगावर येतो. आपण म्हणतो बैल हट्टी आहे, आणि तुतारी उचलतो.

दुसरं, बैलाला अगदी पाठीमागचं दिसत नाही. मागून गुपचूप गेलात तर लाथ बसणारच. आवाज देत, खांद्याच्या बाजूनं जवळ जा. खांद्याच्या थोडं मागं उभं राहिलं की तो पुढं चालतो, खांद्याच्या पुढं गेलं की मागं सरतो. तिथं काठीचं काम नाही.

'मारका' म्हणून माझ्याकडे आणलेल्या बैलाचा मी आधी खांदा, नाक आणि शिंगं पाहतो. खांदेसूज, वेसणीची जखम, शिंगाचा कॅन्सर यांपैकी काही असेल तर तो बैल हट्टी नाही, दुखणाईत आहे. दारव्ह्याकडच्या एका शेतकऱ्याचा बैल जू पाहिलं की मान काढून घ्यायचा. विकायची तयारी झाली होती. खांदा सुजलेला निघाला. औषध केलं, विश्रांती दिली, जू तासून गुळगुळीत करून घेतलं, आणि चारा घालताना रोज खांद्यावरून हात फिरवायला सांगितलं. तो बैल पुढच्या हंगामात डवऱ्याला चालला. बाजारात एकदा 'मारका' नाव पडलं की किंमत निम्म्यावर येते, आणि तीन एकरवाल्याला पेरणीच्या तोंडावर दुसरा बैल घेणं झेपत नाही.

कायदाही हेच सांगतो. केंद्राच्या 1965 च्या नियमांनुसार जनावर हाकायला खिळ्याची काठी वापरायला मनाई आहे. दिवसात 9 तासांपेक्षा जास्त आणि सलग 5 तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही. पारा 37 अंशांवर गेला की दुपारी 12 ते 3 जुंपायचं नाही. आपल्या यवतमाळच्या उन्हाळ्यात म्हणजे जवळजवळ रोजच!

ट्रॅक्टर आले, जोड्या कमी झाल्या. पण उभ्या पिकात डवरणीला अजूनही बैल लागतो. जोड्यांबरोबर शिकवणारे हातही कमी होत चालले आहेत, याची मला जास्त काळजी वाटते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे शेकतो, आणि पोळ्याच्या दिवशी तुतारी लावत नाही. वाजंत्री, गर्दी, झडत्यांचा गलका, या सगळ्यातून बैल धन्याच्या शब्दावर तोरणाखाली येऊन उभा राहतो. हे दरवर्षी आपण डोळ्यांनी पाहतो. मग उरलेलं वर्ष का जमू नये?

ज्यांच्या घरी जोडी आहे, त्यांनी येत्या डवरणीला तुतारीचा खिळा काढून पाहावा. जे पुण्या-मुंबईला आहेत, त्यांनी गावी भावाला फोन करून बैलाचा खांदा बघायला सांगावं. आणि तान्ह्या पोळ्याला नातवंडांच्या हाती लाकडी बैल देताना, एकदा खऱ्या बैलाच्या खांद्यावरही त्यांचा हात ठेवावा.