फवारणीचे विष आणि आपली जबाबदारी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विद्यार्थ्यांचा सत्कार, वधूवर-परिचय आणि शिक्षणनिधीचा हिशेब हे विषय आपल्या मेळाव्यात दरवर्षी येतात, व ते यावयासच हवेत. यंदा कार्यकारी मंडळाने शेतीतील विषारी औषधांविषयी चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांचा चरितार्थ आजही शेतीवर आहे. जी नोकरीनिमित्त शहरात राहतात, त्यांची गावाकडील जमीनही कोणीतरी कसतोच. तेव्हा विषय परका नव्हे.

प्रथम शब्दाकडेच पाहू. कपाशीवर किंवा द्राक्षवेलीवर जे फवारतो त्यास आपण 'औषध' म्हणतो. परंतु त्याच गावात "अमक्याने औषध घेतले" अशी वार्ता आली की ऐकणाऱ्याच्या काळजात धस्स होते. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ प्रत्येक खेडूत जाणतो. पण पंप भरताना त्याला पहिलाच अर्थ आठवतो, दुसरा आठवत नाही. पिकाला जे औषध, ते माणसाला विष, एवढे ध्यानात ठेवले तरी अर्धे काम झाले.

हे विष किती मार्गांनी घरात शिरते हे तीन घटनांवरून कळेल. 1958 साली केरळात जहाजातून आलेले पीठ पॅराथिऑन या कीटकनाशकाने दूषित झाले आणि ते खाऊन शंभरावर माणसे दगावली. या दुर्घटनेनंतर विचार होऊन 1968 साली कीटकनाशक कायदा झाला. पुढे 2013 च्या जुलैत बिहारमधील सारण जिल्ह्यातील गंडामन गावी शाळेतील माध्यान्ह भोजनातून 23 मुले मृत्युमुखी पडली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस आढळले. आयुष्य वर्गात घालविलेल्या माणसास हे वृत्त वाचवत नाही. तिसरी घटना आपल्याच महाराष्ट्रातील. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकऱ्यांना व मजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण दगावले. कपाशी डोक्याच्या वर वाढलेली, हवा कोंदट, दोन-तीन औषधे एकत्र मिसळलेली, फवारा बारीक व जोराचा, आणि अंगावर साधा सदरा, अशी ती परिस्थिती होती. पहिल्या दोन घटनांत अन्न व विष एकत्र आले. तिसरीत देह व विष. हे दोन संगम टाळणे, यातच सर्व सावधगिरी आली.

अन्न व विष दूर ठेवण्याचा नियम सोपा आहे. औषधाचा डबा कोनाड्यात, धान्याच्या कोठीजवळ किंवा गोठ्यातील पेंडीशेजारी ठेवू नये. त्यास कुलपाची स्वतंत्र पेटी करावी व किल्ली जाणत्या माणसाकडे असावी. कुलपाने लहान मुलाचे रक्षण होते, तसेच रागाच्या किंवा निराशेच्या एका क्षणी मोठ्या माणसाचेही होते. तो क्षण टळला म्हणजे पुष्कळदा जीव वाचतो. औषध दुसऱ्या बाटलीत काढून ठेवू नये. रिकामा डबा चांगला दिसतो म्हणून गृहिणीने त्यात तेल, रॉकेल किंवा बी-बियाणे भरू नये. तो तीनदा पाण्याने खळबळावा, ते पाणी पंपातच ओतावे, आणि डब्याला भोके पाडून तो निकामी करावा.

आता मिश्रणाविषयी. पंपातील पातळ द्रावणापेक्षा डब्यातील मूळ औषध कितीतरी तीव्र असते. म्हणून झाकण उघडून माप घेण्याची ती दोन मिनिटे सर्वांत धोक्याची होत. डब्यावर पतंगाच्या आकाराची खूण असते व तिच्या खालच्या अर्ध्या भागाला रंग असतो. लाल म्हणजे अतिशय विषारी, त्यानंतर पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा, असा हा उतरता क्रम होय. हिरवा म्हणजे निर्धोक असे मात्र कोणी समजू नये.

माप झाकणाने घेण्याची रीत सर्रास आहे. झाकणे लहानमोठी असतात आणि घाईत हात सैल सुटतो. त्याऐवजी आपण शाळेत शिकलेले त्रैराशिक कामी आणावे. समजा, हेक्टरी 500 मिलिलिटर औषध 500 लिटर पाण्यात, असे पत्रकात दिले आहे. म्हणजे लिटरमागे 1 मिलिलिटर; 16 लिटरच्या पंपास 16 मिलिलिटर. एकरास 200 लिटर पाणी, म्हणजे साडेबारा पंप, व औषध 200 मिलिलिटर. हा हिशेब आदल्या रात्री मुलाकडून पाटीवर करून घ्यावा. येथे एक गोष्ट ध्यानात धरावी. पेट्रोलवर चालणाऱ्या पंपाला पाणी कमी लागते. तेवढ्याच औषधाला पाणी तिसऱ्या हिश्शावर आले, तर द्रावणाची तीव्रता तिप्पट होते व त्याचे बारीक तुषार फवारणाऱ्याच्या श्वासात जातात. सबब अशा पंपाला अधिक सावधगिरी हवी.

मिश्रण उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, हातात रबरी मोजे घालून करावे. टाकी प्रथम अर्धी पाण्याने भरावी. भुकटी असेल तर ती वेगळ्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून मग ओतावी. द्रवरूप औषध त्यानंतर घालावे, आणि शेवटी उरलेले पाणी. ढवळण्यास काठी घ्यावी, हात कधीही नाही. विहिरीच्या काठावर किंवा हौदापाशी हे काम करू नये.

दुकानदाराने सांगितले म्हणून दोन-तीन औषधे एकत्र करण्याची चाल घातक आहे. आपल्या परिचयाचे बोर्डो मिश्रण घ्या. 1 किलो मोरचूद 50 लिटर पाण्यात, 1 किलो कळीचा चुना दुसऱ्या 50 लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात निरनिराळे करून मग एकत्र ओततात. लोखंडी खिळा बुडवून त्यावर तांबूस थर चढला तर चुना आणखी घालतात. एवढ्या साध्या मिश्रणालाही इतकी परीक्षा लागते. त्यात चुना असल्यामुळे ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील पुष्कळशी कीटकनाशके त्याबरोबर मिसळली तर निकामी होतात. गंधक व खनिज तेल एकत्र आले तर पाने करपतात. तेव्हा पत्रकात किंवा कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत असलेले मिश्रणच करावे; इतर कल्पना मनातून काढून टाकाव्या.

फवारताना पूर्ण बाह्यांचा सदरा, पायघोळ वस्त्र, बूट, मुखपट्टी व चष्मा असावा. विष केवळ तोंडावाटे जाते हा समज चुकीचा आहे. ते कातडीतून, विशेषतः घामाने भिजलेल्या कातडीतून, सहज आत शिरते. म्हणून गळका पंप पाठीवर घेऊ नये. भर उन्हात व वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नये. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नये. आणि ज्या हाताने औषध मोजले त्याच हाताने तंबाखू मळणे, हे तर आपल्याकडे नित्य घडते. साबणाने हात धुतल्यावाचून तंबाखू, विडी, पाणी किंवा भाकर यांस स्पर्श करू नये. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नयेत. ते निराळे धुवावे व धुणाऱ्या माउलीनेही हातमोजे घालावे.

डोके दुखणे, घाम व लाळ सुटणे, मळमळ, दृष्टी अंधुक होणे, ही लक्षणे दिसताच काम थांबवावे. कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे. डोळ्यांत गेले असल्यास 15 मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये. दूध-तूप किंवा कांदा यांत वेळ दवडू नये. रोग्यास तत्काळ इस्पितळात न्यावे व डबा बरोबर घ्यावा. ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषावर ॲट्रोपिनची सुई गुणकारी आहे. पण पॅराक्वाट या तणनाशकावर अद्याप उतारा नाही. म्हणून नेमके कोणते विष, हे डॉक्टरांना कळणे अगत्याचे.

आता शेवटची व आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पुष्कळ घरी फवारणी मालक करीत नाही. रोजाने आलेला मजूर करतो. यवतमाळात दगावलेल्यांतही मजूर होते. डब्याबरोबरचे पत्रक बारीक अक्षरांत असते, आणि पुष्कळदा त्या मजुराला वाचताही येत नाही. तो आपल्या ज्ञातीचा नसेल. पण विष कोणाची ज्ञात विचारीत नाही, आणि त्याच्याही घरी त्याची वाट पाहणारी लेकरे असतात. ज्याचे पीक, त्यानेच मोजे, मुखपट्टी व बूट द्यावे, आणि हा खर्च त्याच्या मजुरीतून कापू नये. मिश्रण त्याच्यावर सोपवून आपण बांधावर बसू नये.

आपल्या संस्थेने शिक्षणासाठी आजवर पुष्कळ केले. त्या शिक्षणाचा उपयोग शिवारात व्हावा अशी आमची विनंती आहे. प्रत्येक शेतकरी कुटुंबाने येत्या खरिपापूर्वी तीन गोष्टी घरात आणाव्या: कुलपाची पेटी, मापाचा पेला, आणि फवारणाऱ्यासाठी मोज्यांचा व मुखपट्टीचा संच. आणि घरातील शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने पंप भरण्यापूर्वी ते पत्रक मजुरासमोर मोठ्याने वाचावे. पाच मिनिटांचे काम आहे. आपण शिकविलेल्या अक्षराने एका माणसाचा जीव वाचला, तर वसतिगृहाला दिलेल्या देणगीपेक्षा ते पुण्य कमी नाही.